पीयूसीच्या कागदावरचे दोन आकडे

पीयूसीचा कागद हातात आला की बहुतेक जण त्यावर एकच गोष्ट बघतात, मुदत कधी संपते. मग तो कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात जातो किंवा फोनमध्ये त्याचा फोटो राहतो. पेट्रोल गाडीच्या त्याच कागदावर दोन आकडे छापलेले असतात, एक कार्बन मोनॉक्साइडचा आणि एक हायड्रोकार्बनचा. गाडी जुनी असेल तर हे दोन आकडे सावकाश वाचायला हवेत. इंजिनाच्या कुठल्या भागात काय बिघडलं आहे, याचा बराचसा पत्ता त्यांत असतो.

जुनी गाडी चाचणीत नापास झाली की मालक गॅरेजात जाऊन म्हणतो, "पीयूसीसाठी सेट करून द्या." मेकॅनिक कार्बोरेटरवरचा मिक्स्चर स्क्रू थोडा फिरवतो, आकडा खाली येतो, कागद मिळतो. महिनाभरात गाडी पुन्हा पूर्वीसारखी, कारण मूळ दुखणं होतं तिथेच राहिलेलं असतं. माझं म्हणणं असं की त्या स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावावा. त्याच्या आधीची कामं नीट झाली तर बहुतेक जुन्या पेट्रोल गाड्या कोणतीही लबाडी न करता पास होतात, वर पेट्रोलही वाचतं.

हे आकडे येतात कुठून, ते आधी पाहू. पंपाचा स्टोव्ह ज्यांनी वापरला आहे त्यांना पिवळी ज्योत आणि निळी ज्योत यांतला फरक सांगावा लागत नाही. हवा पुरेशी मिळाली नाही की ज्योत पिवळी होते आणि भांड्याच्या बुडाला काजळी धरते. इंजिनाच्या सिलिंडरमध्येही प्रश्न हवेच्या पुरवठ्याचाच असतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. हवा कमी पडली, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत मिश्रण रिच झालं, की कार्बनला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही आणि कार्बन डायऑक्साइडच्या जागी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. म्हणून मोनॉक्साइडचा आकडा वाढला की पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातंय, असं समजायचं.

हायड्रोकार्बन म्हणजे न जळता किंवा अर्धवट जळून बाहेर पडलेलं इंधन. ठिणगी पडली नाही, व्हॉल्व्ह नीट बसला नाही, मिश्रण इतकं लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) झालं की पेटेचना, किंवा इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये शिरलं, की हा आकडा चढतो. तीन सिलिंडरच्या मारुती 800 मध्ये एक सिलिंडर जरी मिसिंग करत असला तरी त्याच्यातलं सगळं पेट्रोल तसंच सायलेन्सरमधून बाहेर जातं आणि हायड्रोकार्बन हजारांत पोहोचतात. अशा वेळी मोनॉक्साइड मात्र मर्यादेतही असू शकतो. कारण जे पेटलंच नाही त्यातून मोनॉक्साइड होणार कसा? दोन आकडे वेगवेगळे वाचायचे ते यासाठीच.

केंद्रावरचं यंत्र हे वायू अवरक्त किरणांनी मोजतं. प्रत्येक वायू या किरणांचा ठरावीक पट्टा शोषून घेतो. सायलेन्सरमध्ये खुपसलेल्या नळीतून आलेला धूर एका कक्षातून जातो आणि किरण किती शोषले गेले त्यावरून प्रमाण निघतं. मोनॉक्साइड टक्क्यांत येतो आणि हायड्रोकार्बन पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, अशा हिशेबाने. ज्यात चार वायू मोजले जातात त्या यंत्रात कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनही दिसतात. सायलेन्सर गंजून भोक पडलं असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन वाढतो, डायऑक्साइड घटतो आणि बाकीचे आकडे उगाच चांगले दिसतात. जाणत्या ऑपरेटरला ही गोष्ट लगेच कळते. तेव्हा चाचणीआधी सायलेन्सरचे सांधे तपासून घ्यावेत.

आता मर्यादा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 115 व्या नियमात त्या दिल्या आहेत आणि गाडी कोणत्या मानकाची आहे त्याप्रमाणे त्या बदलतात. भारत स्टेज 2 च्या आधीच्या पेट्रोल मोटारींना आयडलिंगला मोनॉक्साइड 3 टक्के आणि हायड्रोकार्बन 1500 पीपीएमपर्यंत चालतात. स्टेज 2 आणि 3 च्या मोटारींना 0.5 टक्के आणि 750 पीपीएम. स्टेज 4 ला 0.3 टक्के आणि 200 पीपीएम, शिवाय 2500 च्या आसपास आरपीएम ठेवून आणखी एक मोजणी. त्या मोजणीत मोनॉक्साइड 0.2 टक्क्यांच्या आत हवा आणि हवा-इंधनाचं गुणोत्तर दाखवणारा लॅम्डा 0.97 ते 1.03 च्या दरम्यान.

या आकड्यांचा एक परिणाम बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. अगदी जुन्या गाड्या चाचणीत फारशा अडत नाहीत. 1995 सालच्या कार्बोरेटरच्या गाडीला 3 टक्क्यांची मोकळीक आहे आणि नीट ट्यून केलेलं तिचं इंजिन त्याच्या बरंच खाली राहतं. खरी अडचण होते ती 2002 ते 2012 च्या दरम्यानच्या गाड्यांची. त्यांना कडक मर्यादा लागू आहे, ती पाळण्यासाठी बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र आता म्हातारा झालेला असतो.

त्यातही गावागणिक फरक आहे. 1 एप्रिल 2010 पासून स्टेज 4 देशातल्या निवडक 13 शहरांत आली, त्यांत महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. इतरत्र त्याच वर्षी स्टेज 3 लागू झाली आणि स्टेज 4 सगळ्या देशाला लागू झाली ती 2017 मध्ये. त्यामुळे 2011 साली पुण्यात नोंदलेली गाडी आणि त्याच साली, त्याच मॉडेलची, साताऱ्यात नोंदलेली गाडी यांची मानकं वेगळी असू शकतात. केंद्रावर जाण्याआधी आरसी बुकात आपल्या गाडीचं मानक बघावं. केंद्राच्या संगणकात चुकीचं मानक निवडलं गेलं तर चांगली गाडीही नापास दिसेल. मुदतीचंही तसंच आहे. स्टेज 4 आणि 6 च्या गाड्यांना पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिने.

कार्बोरेटरची गाडी दुरुस्त करायला घेतली की सुरुवात इंजिन ऑइलपासून करावी. जुनी गाडी बहुधा थोडीच चालते, भाजी आणायला किंवा जवळच्या नातेवाइकांकडे. इंजिन पुरेसं तापण्याआधीच बंद होतं आणि थोडं थोडं पेट्रोल रिंगांवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळत राहतं. डिपस्टिक काढून वास घेतला तर पेट्रोलचा दर्प येतो. हीच वाफ ब्रीदरच्या नळीतून परत इंजिनात ओढली जाते, म्हणजे कार्बोरेटरने मोजून दिलेल्या पेट्रोलमध्ये बिनमोजलेलं पेट्रोल मिसळतं. नुसतं ऑइल बदलल्यावर मोनॉक्साइड उतरल्याचा अनुभव अनेक मेकॅनिक सांगतात, त्यामागचं कारण हे.

दुसरा नंबर ठिणगीचा. प्लग काढून त्यांचे रंग पाहावेत. काळा, कोरडा, काजळीचा प्लग रिच मिश्रण दाखवतो. काळा आणि ओला असेल तर ऑइल वर येतंय किंवा तो सिलिंडर पेटतच नाही. फिकट तपकिरी रंग आला तर तिथे सगळं ठीक आहे. प्लगच्या वायरी जुन्या झाल्या की आतला प्रवाह वाटेतच इंजिनाच्या धातूत गळतो. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर असे निळसर स्फुल्लिंग डोळ्यांना दिसतात. प्रीमियर पद्मिनी किंवा अॅम्बॅसेडर असेल तर डिस्ट्रिब्युटरचे सीबी पॉइंट घासून, त्यांतलं अंतर लावून घ्यावं लागतं, आणि टायमिंग त्यानंतर.

मग टॅपेट. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला मोकळीक उरली नाही तर तो गरम झाल्यावर पूर्ण बंद होत नाही, दाब गळतो आणि इंधन अर्धवट जळतं. टॅपेट वाजत नाहीत म्हणून मालक खूश असतो. खरं तर वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा अतिघट्ट टॅपेटने व्हॉल्व्हचं नुकसान जास्त होतं.

त्यानंतर रबराच्या नळ्या. इनटेक मॅनिफोल्डला जोडलेल्या बारीक व्हॅक्यूमच्या नळ्या पंचवीस वर्षांत कडक होऊन टोकांशी चिरतात. तिथून फुकटची हवा आत शिरते, आयडलिंगला मिश्रण लीन होतं, गाडी थरथरते आणि हायड्रोकार्बन वाढतात. स्क्रूने होणारी फसगत इथेच कळते. थरथर थांबवायला मेकॅनिक पेट्रोल वाढवतो. गाडी शांत होते, पण मोनॉक्साइड वर जातो. पुढच्या चाचणीत तो आकडा दिसला की दुसरा मेकॅनिक पेट्रोल कमी करतो, आणि थरथर परत येते. दोष बारा इंच रबरी नळीत असतो आणि वर्षानुवर्षं दोघेही स्क्रूच फिरवत राहतात.

एअर फिल्टर बदलावाच, तो स्वस्त आहे. आयडलिंगच्या वेळी हवा कमी लागत असल्याने चाचणीच्या आकड्यावर त्याचा परिणाम लोक समजतात तितका होत नाही, रस्त्यावर रेस दिल्यावर मात्र चांगलाच होतो. चोकची केबल पाहावी. डॅशबोर्डवरचा नॉब पूर्ण आत गेला तरी केबल गंजली असेल तर कार्बोरेटरवरची झडप अर्धी मिटलेलीच राहते, आणि मालक महिनोन्‌महिने चोक ओढलेली गाडी चालवत असतो. कार्बोरेटर उघडला तर फ्लोटची सुई बघावी. ती झिजली की वाटीतल्या पेट्रोलची पातळी वाढते आणि प्रत्येक जेटमधून जादा पेट्रोल ओढलं जातं.

इतकं झाल्यावर स्क्रू. इंजिन पूर्ण तापलेलं, धुराच्या यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये, आणि स्क्रू पाव पाव फेऱ्याने लीनकडे. मोनॉक्साइड उतरत जातो, हायड्रोकार्बनही उतरतात. एक जागा अशी येते की मोनॉक्साइड उतरतच राहतो पण हायड्रोकार्बन पुन्हा चढू लागतात. तिथून किंचित मागे यायचं, तीच त्या इंजिनाची जागा. चांगल्या कानाचे जुने मेकॅनिक ही जागा आवाजावरून काढतात आणि बऱ्याचदा अचूक काढतात. तरी यंत्र समोर असताना ते का वापरू नये?

इंजेक्शनच्या, म्हणजे एमपीएफआय गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे फिरवायला स्क्रूच नसतो. सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो, तो धुरातला ऑक्सिजन पाहून संगणकाला कळवतो आणि संगणक पेट्रोल कमीजास्त करतो. त्याच वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीची सिरॅमिकची वीट, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर. या थरावर मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन उरलेल्या ऑक्सिजनशी जुळून निरुपद्रवी होतात आणि नायट्रोजनची ऑक्साइडं फुटतात. पण ही वीट साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसच्या वर तापली तरच काम करते. म्हणून गार गाडी घेऊन समोरच्याच केंद्रावर जाऊ नये. पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर नेहमीपेक्षा थोड्या खालच्या गिअरमध्ये गाडी चालवावी आणि थेट केंद्रावर न्यावी. रांग असली तरी इंजिन फार वेळ बंद ठेवू नये.

भारतात कन्व्हर्टर आला तो शिसंविरहित पेट्रोलच्या जोडीने. पेट्रोलमधलं शिसं त्या थराला कायमचं निकामी करतं. 1 एप्रिल 1995 पासून चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि तिथे शिसंविरहित पेट्रोल मिळू लागलं. देशभर असं पेट्रोल आलं ते 1 फेब्रुवारी 2000 ला. मधल्या पाच वर्षांत मुंबईची गाडी गावाकडे गेली आणि मिळेल ते पेट्रोल भरलं, की कन्व्हर्टरचं आयुष्य तिथेच घटत होतं. आज शिशाची भीती नाही. आज कन्व्हर्टर मरतो तो मिसिंगने आणि ऑइलने. न जळलेलं पेट्रोल विटेवर जाऊन पेटतं आणि वीट वितळते. ऑइलची राख थरावर बसते. त्यामुळे कन्व्हर्टर बदलायला सांगणाऱ्या मेकॅनिकला आधी विचारावं की जुना कशाने गेला. ते कारण न शोधता बसवलेला महागडा नवा भागही त्याच वाटेने जाईल. आणि काही गॅरेजांत आतली जाळी फोडून रिकामा डबा परत बसवतात, "पिकअप वाढतो" म्हणून. असं कधीच करू देऊ नये. त्याने कायदा मोडतोच, शिवाय विषारी वायू आपल्या मागच्या स्कूटरवाल्याच्या नाकात जातो.

आपल्याकडच्या गॅरेजांतली आणखी एक सवय या गाड्यांना नापास करते. गाडी एकदा तापली की मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून टाकतो. हा छोटासा झडपेचा भाग इंजिनातलं पाणी ठरावीक तापमानाला येईपर्यंत रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो काढला की पाणी सतत फिरत राहतं, इंजिन कामाच्या तापमानाला येतच नाही, विशेषतः पावसाळ्यात आणि थंडीत. संगणकाला वाटतं इंजिन अजून गार आहे, म्हणून तो वाढीव पेट्रोल सोडतच राहतो. सेन्सर चांगला, कन्व्हर्टर चांगला, प्लग नवे, तरीही मोनॉक्साइड चढलेला, असं कोडं पडलं तर तापमानाचा काटा बघा. तो मधोमध न येता खालीच राहत असेल तर थर्मोस्टॅट आहे का, हे आधी विचारा. काही शे रुपयांच्या भागासाठी हजारोंचे सेन्सर बदलले जातात, याचं वाईट वाटतं.

गेल्या काही वर्षांत यात इथेनॉलची भर पडली. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्यातला काही वाटा महाराष्ट्रातल्या साखर पट्ट्यातून येतो. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे अशा मिश्रणाला 14.7 ऐवजी साधारण साडेतेरा पट हवा पुरते. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक पुष्कळसा भरून काढतो. कार्बोरेटरला हे कळत नाही, त्याचे जेट जुन्या पेट्रोलसाठी कातलेले असतात, म्हणून गाडी आपोआप लीन होते. मोनॉक्साइड कमी होतो, हे चांगलंच. पण आधीच लीन लावलेली गाडी आता अडखळू लागते आणि हायड्रोकार्बन वाढतात. दहा वर्षांपूर्वी लावलेली स्क्रूची जागा आज बरोबर असेलच असं नाही. इथेनॉल जुन्या टाकीतला गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणतं, आणि जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व डायफ्रॅम त्याने मऊ पडतात किंवा फुगतात. बराच काळ उभ्या असलेल्या गाडीत ते ओलावा ओढतं. पेट्रोलच्या नळ्या नव्या प्रतीच्या बसवून घेणं हा खर्च आगीचा धोका टाळण्यासाठीही करावा.

डिझेलची तपासणी निराळी. तिथे वायू मोजत नाहीत, धुराचा काळेपणा मोजतात. इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबतात, असं अनेकदा करतात आणि धुरातून प्रकाश किती अडला ते यंत्र सांगतं. स्टेज 4 च्या आधीच्या गाड्यांना ही मर्यादा 2.45 प्रति मीटर आहे, स्टेज 4 ला 1.62. एअर फिल्टर, नोझल आणि पंपाचं कॅलिब्रेशन, बहुतेक काळा धूर या तिन्हींत संपतो. सायलेन्सरमध्ये साठलेली काजळी पहिल्या झटक्यांत बाहेर येते, म्हणून आधी हायवेवर गाडी मोकळी करून आणावी. आणि टायमिंग बेल्ट कधी बदलला ते आठवून जावं. चाचणीत इंजिन त्याच्या कमाल वेगापर्यंत जातं, कुजलेला बेल्ट तिथे तुटला तर सगळं इंजिन उघडावं लागतं.

कायद्याची बाजू थोडक्यात. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेत पीयूसीशिवाय विम्याचं नूतनीकरण करू नये असा आदेश दिला होता, 2024 मध्ये न्यायालयानेच ती अट मागे घेतली. 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात 10,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. 2021 पासून सगळ्या देशात कागदाचा नमुना एकच झाला, त्यावर क्यूआर कोड आला, आणि नापास गाडीला नापासाची पावती देण्याची सोयही झाली. ही पावती लपवण्यासारखी नाही. तिच्यावर आकडे असतात, ती घेऊनच गॅरेजात जावं. गाडी केंद्रावर न नेता कागद आणून देणारे लोक अजून भेटतात. त्यांच्याकडून कागद घेणारा माणूस पैसे देऊन स्वतःच्याच इंजिनाची माहिती नाकारतो.

या चाचणीला सगळं दिसतं असं मात्र नाही. पेट्रोल गाडीतली नायट्रोजनची ऑक्साइडं ती मोजत नाही, आणि ती तयार होतात गाडी ओझं ओढत असताना, घाट चढताना. उभ्या गाडीच्या आयडलिंगमध्ये ती कमीच असतात. म्हणून पास झालेली गाडी पूर्ण स्वच्छ आहे असं म्हणता येत नाही. नापास झालेल्या गाडीत काहीतरी बिघडलेलं आहे हे मात्र नक्की.

आणि सगळं करूनही हायड्रोकार्बन उतरत नसतील, उतारावर अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना निळा धूर येत असेल, तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्यावी. प्रत्येक सिलिंडरचा दाब आधी कोरडा आणि मग चमचाभर ऑइल टाकून मोजतात. ऑइल टाकल्यावर दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. व्हॉल्व्हचं काम हेड उतरवून होतं आणि बहुतेक गाड्यांना ते परवडतं. रिंगांसाठी पूर्ण इंजिन बांधावं लागतं. तो निर्णय घेण्याआधी पत्रा किती गंजला आहे, पंधरा वर्षांनंतरचं फिटनेस आणि पर्यावरण कर धरून पुढच्या पाच वर्षांचा खर्च किती, हे मांडून बघावं. पत्रा शाबूत असेल तर इंजिन बांधून घ्यायला हरकत नाही.